डबाताईच्या वर्गातले आजोबा

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात काजं पाडायच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला आठवडाभर कुणी ताई म्हणत नसे. मुकादम 'ओ काजवाल्या बाई' म्हणायचा, शेजारची बटणवाली 'अगं ए' म्हणायची, आणि मशीन तर कुणालाच काही न म्हणता दिवसभर खट्-खट्-खटाक करत राहायचं. पण रविवारी सकाळी ती वाचनालयाच्या बालविभागात शिरली रे शिरली, की चटईवरची खोलीभर पोरं एका सुरात कोकलायची, "डबाताई आली!"

डबा म्हणजे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. चौकोनी, एका अंगानं चेपलेला. तो काखेत आणि हातात लाकडी पळी, एवढीच तिची सामग्री. ती कविता म्हणायची, पण एका जागी उभं राहून नाही. पोरांच्या रांगांमधून हिंडत, मध्येच कुणाच्या कानाशी वाकत, मध्येच टेबलाखाली घुसत. एका रांगेला ती वारा करायची, दुसऱ्या रांगेला दार. मग वारा आला की दारानं कुरकुरायचं. हमखास ओळ विसरल्याचं सोंग करायची, नाहीतर भलताच शब्द घालायची. मग पोरं तिच्यावर तुटून पडायची, "ताई, चुकलं! चुकलं!" ज्यांना कविता म्हणजे हाताची घडी, ताठ मान आणि परीक्षेतले मार्क एवढंच ठाऊक होतं, ती पोरं तिथं घसा बसेस्तोवर कविता म्हणायची आणि घरी जाताना जिन्यात, रस्त्यात, दुकानाच्या रांगेत म्हणत सुटायची.

सगळं सुरू झालं ते तिच्या लेकीपायी. लेक लहान असताना शाळेत कविता म्हणायला उभी राहिली आणि दुसऱ्या ओळीवर तिची बोबडी वळली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. डबाताईला कवितेतलं काही कळत होतं असं नाही, पण ठेका कळत होता. दिवसभर मशीन दुसरं शिकवतं काय? तिनं स्वयंपाकघरातला रिकामा डबा उचलला, त्यावर ठेका धरला आणि लेकीसाठी आपलीच चार यमकं जुळवली. लेक हसली. मग शेजारची पोरं आली. मग वाचनालयातल्या बाईंच्या कानावर गेलं. आता लेक शिकायला बाहेरगावी होती, तरी डबा काही सुटला नव्हता.

घरात तिघं. ती, तिचा नवरा आणि सासरे. नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. फार बोलणारा नव्हता. सासरे आयुष्यभर आगीचा बंब चालवलेले. उंची दाराएवढी आणि आवाज असा, की बंबाला भोंगा कशाला बसवलाय असा प्रश्न पडावा. घरात त्यांची शिस्त होती. मोठ्यानं हसायचं नाही, ताटात टाकायचं नाही, आणि शिवी तर ओठावरसुद्धा यायची नाही. नवरा लहानपणी एकदा गल्लीत ऐकलेला शब्द घरात बोलला होता, तर त्याला साबणानं तोंड धुवायला लावलं होतं.

सुनेच्या डब्याबद्दल त्यांचं मत एका शब्दात होतं. "माकडचेष्टा." रविवारी ती डबा घेऊन निघाली, की पेपर खाली न करता म्हणायचे, "कविता कशी, ताठ उभं राहून म्हणायची असते. मान राखून. तुम्ही चाललात पत्रा बडवायला." ती 'हो बाबा' म्हणायची आणि जायची. उलट बोलायची छाती त्या घरात कुणाचीच नव्हती.

आणि एके दिवशी सकाळी न्हाणीघरात पाण्याचा मग पडल्याचा आवाज आला.

आवाज तसा लहानच होता. पण त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही, म्हणून डबाताई धावली. दार ढकललं तर सासरे भिंतीला टेकून बसलेले, अर्ध्या गालाला दाढीचा साबण, आणि तोंड एका बाजूला ओघळलेलं, जसं काही कुणी ओल्या मातीवरून अंगठा फिरवलाय. ते तिच्याकडे बघत होते आणि काहीतरी सांगत होते. पण शब्द नव्हताच. नुसती हवा.

पक्षाघाताचा झटका होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. इस्पितळात कितीतरी दिवस त्यांनी तोंडच उघडलं नाही. मग एका दुपारी नर्सनं सुई टोचली आणि ते स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले,

"च्यायला!"

नवऱ्याच्या हातातून औषधांची पिशवी गळून पडली. डबाताईनं आधी नर्सकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. सासऱ्यांचा स्वतःचाच चेहरा असा झाला होता, जणू कुणी तिसऱ्यानंच त्यांच्या तोंडून हे बोलून पळ काढलाय. त्यांनी घाईघाईनं दुरुस्त करायला पुन्हा तोंड उघडलं. "च्यायला," ते म्हणाले. "च्यायला, च्यायला!"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्यांना सगळं कळतंय, ऐकू येतंय, मनात शब्दही आहेत. पण मनातला शब्द ओठांपर्यंत आणणारी वाटच खचली आहे. अशा वेळी कधीकधी एखादाच शब्द मागं राहतो, आणि पुष्कळदा ती शिवीच असते. रागाच्या भरात न ठरवता बाहेर पडते ना, तिला वेगळी वाट असते.

"पण बाबांनी आयुष्यात कधी..." नवरा म्हणाला.

"मोठ्यानं दिली नसेल," डॉक्टर म्हणाले.

तर असा तो घरी आलेला माणूस. भूक लागली, च्यायला. ऊन लागतंय, च्यायला. उशी नीट लावल्याबद्दल आभार मानायचे, तरी च्यायलाच. डबाताईला हळूहळू त्यातले सूर ओळखता यायला लागले. ताणून म्हटलं तर पाणी, तोडून म्हटलं तर खिडकी लावा. पण एकदा सासऱ्यांचे एक जुने सहकारी बायकोला घेऊन भेटायला आले, आणि तिनं विचारलं, "कसं वाटतंय आता?" उत्तर जे जायचं तेच गेलं. बाई पाणी न पिताच उठली. त्या दिवसापासून सासऱ्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. एवढा धिप्पाड माणूस खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसून राहायचा, आणि घरात मुंगी चालली तरी ऐकू येईल अशी शांतता.

रविवारी त्यांच्यापाशी बसायला खालच्या मजल्यावरच्या मावशी यायच्या. एका रविवारी मावशींचा गुडघा धरला. नवऱ्याला भल्या सकाळीच बोलावणं आलेलं, कुठल्याशा इमारतीत लोक लिफ्टमध्ये अडकले होते. डबाताईनं घड्याळाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आवडणार नाही तुम्हाला, मला माहितीय. पण माझ्यापुढे दुसरा इलाज नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले. होकार की नकार, देव जाणे. तिनं डबा त्यांच्याच मांडीवर ठेवला आणि खुर्ची ढकलत निघाली.

बालविभाग तळमजल्यावर होता, ते बरं. तिनं त्यांना मागच्या बाजूला, पुस्तकांच्या कपाटाशी बसवलं. पोरांनी वळून वळून पाहिलं. मग डबा वाजला आणि पोरं त्यांना विसरली.

त्या दिवशी बोक्याची कविता होती. तिनं विचारायचं, पोरांनी उत्तर द्यायचं.

"डब्यात कोण?"

"बोका!"

"बोक्याला काय?"

"खोका!"

"खोक्यात काय?"

"झोका!"

"झोक्यात कोण?"

"पुन्हा बोका!"

की परत पहिल्यापासून, आधीपेक्षा जलद. पोरं घामाघूम झाली, की तिची एक गंमत असायची. ती पळी ओठांवर ठेवून म्हणायची, "आता शेवटची ओळ कुणीच म्हणायची नाही. ज्याच्या तोंडून निसटेल, तो आउट." मग पोरं दोन्ही हातांनी तोंडं दाबून धरायची. कविता आतून धडका मारतेय आणि बाहेर सोडायची नाही, यात काय सुख असतं ते पोरांनाच ठाऊक.

"डब्यात कोण? बोक्याला काय? खोक्यात काय?" ती एकटीच म्हणत गेली, ठेका धरत. मग हळूच, "झोक्यात कोण?"

पळी वर उचललेली. पोरांचे गाल फुगलेले. सगळी खोली श्वास रोखून.

"पुन्हा बोका!"

घोगरा, जाड, मोठ्या माणसाचा आवाज. डबाताईला आधी वाटलं, कुणाचा तरी बाप दारात उभा राहून मस्करी करतोय. तिनं हसतच दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

मग तिनं कपाटाकडे पाहिलं.

सासरे खुर्चीत पुढं झुकले होते. डोळे विस्फारलेले. डावा हात हवेत तसाच, ठेका धरता धरता थांबलेला. डबाताईच्या हातातली पळी केव्हा पडली, तिला कळलं नाही.  

"आजोबा आउट!" पुढच्या रांगेतली एक चिमुरडी किंचाळली. "आजोबा आउट! आजोबा आउट!" सगळ्या पोरांनी धरलं.

आणि आजोबा, ज्यांना आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता, ते भेदरून, मनापासून म्हणाले, "च्यायला!"

 खोली हशानं फुटली. पोरं चटईवर लोळायला लागली. कुणीतरी डब्यावर थाप मारली, "झोक्यात कोण?" आणि तीस तोंडांनी एका ठेक्यात उत्तर दिलं, "च्यायला!" नेमक्या त्याच वेळी वाचनालयातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागं पोरांना न्यायला आलेले आईबाप. एका आईनं आपल्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरला, तरी त्यांनी तो वर केला नाही.

"हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या.

डबाताईच्या तोंडून जे निघालं, ते तिनं ठरवलेलं नव्हतं. "बाई, माझे सासरे बोलले हो," ती म्हणाली आणि मटकन चटईवर बसली.

"ते ऐकलं मी," बाई म्हणाल्या.

नवरा संध्याकाळी घरी आला, तोवर ती चार वेळा रडून झाली होती. तिनं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. त्यानं वडिलांपुढं उकिडवं बसून म्हटलं, "बाबा, म्हणा बरं, बोका." बाबांनी ओठ हलवले, मान ताणली, कपाळावर घाम आला. "च्या..." आणि शरमून मान खाली घातली.

"भास झाला तुला," नवरा उठत म्हणाला. "आणि त्यांना असं छळू नकोस."

 तिनं डबा आणला, खाली मांडी घातली आणि ठेका धरला. "डब्यात कोण?"

"बोका," सासरे म्हणाले.

"बोक्याला काय?"

"खोका."

नवऱ्याच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिरपा झाला, पाणी त्याच्या पायावर सांडलं, तरी तो हलला नाही. कविता फिरून बोक्यापाशी आली, तसा तो भिंतीला धरून खाली बसला आणि दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेतला. बापाचा आवाज त्यानं मनातल्या मनात केव्हाच पुरून टाकला होता. आता तोच आवाज समोर बसून खोका, झोका म्हणत होता.

इस्पितळातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी मात्र जराही आश्चर्य दाखवलं नाही. "होतं असं," त्या म्हणाल्या. "बोलणं आणि गाणं मेंदूत एका खोलीत राहत नाहीत. यांची बोलण्याची खोली पडली. ठेक्याची शाबूत आहे. तुम्ही ओळ अर्धी सोडून थांबता ना, ती फार चांगली युक्ती. थांबलं की आतून शब्द येतो."

"म्हणजे ते पुन्हा पहिल्यासारखं बोलतील?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही," बाई सरळ म्हणाल्या. "थोडंफार सुधारेल. पण गप्पा मारतील, भांडतील, अशी आशा धरू नका."

 हातात आलेलं ते अर्धंच राहणार, हाही नवरा-बायकोला एक धक्काच होता.

पण डबाताई हात टेकणाऱ्यातली नव्हती. ती कामाच्या कविता करायला लागली. "चहा हवा?" "हवा, हवा!" "कढत हवा?" "नको, नको!" सकाळी एक, जेवताना एक, झोपताना एक. मशीनवर काजं पाडता पाडता ती यमकं शोधायची आणि तिचं पुटपुटणं ऐकून बटणवाली म्हणायची, "सासरा बोलायला लागला आणि सून बडबडायला." वाचनालयातल्या बाईंनी आईबापांची समजूत घातली, पण अट घातली, की आजोबांचा तो शब्द कुणीही पाठ करायचा नाही. पोरांनी तो अर्थात केव्हाच पाठ केला होता. आजोबा दर रविवारी यायला लागले आणि हटकून आउट व्हायला लागले.

सगळं रुळावर येतंय असं वाटत होतं. तेव्हाच खरा धक्का बसला.

एका सुट्टीच्या दुपारी डबाताई सासऱ्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. मनात काही नव्हतं. एका हातानं बटण, दुसऱ्या हाताची बोटं सवयीनं खुर्चीच्या दांड्यावर वाजत होती. सासरे तिच्या बोटांकडे बघत होते. आणि एकदम म्हणाले,

"जिना चढतं कोण?"

तिची बोटं थबकली. 

"धप् धप् धप्," सासरे म्हणाले.

ही कविता तिनं कधी वाचनालयात म्हटली नव्हती. कुणापुढंच म्हटली नव्हती. लेक अजून लहान होती, डबा नुकताच सुरू झाला होता, तेव्हाची ती गोष्ट. इमारतीला अजून लिफ्ट नव्हती, आणि सासरे कामावरून आले की त्यांचे बूट खालच्या मजल्यापासून वाजत यायचे. त्या आवाजानं पोर घाबरी व्हायची. तिचं भय जावं म्हणून डबाताईनं स्वयंपाकघराचं दार लोटून, पोरीच्या कानाशी कुजबुजत, ही कविता रचली होती. मायलेकी ती ओठातल्या ओठात म्हणायच्या आणि पदराआड हसायच्या. लेक मोठी झाली, कविता विरली. डबाताईला वाटत होतं, ती आता जगात कुठंच उरली नाही.

सासरे म्हणत होते. अडखळत, पण एकेक ओळ.

"जिना चढतं कोण? धप् धप् धप्!
कुकरची शिट्टी, गप् गप् गप्!
नळाची धार, गप् गप् गप्!
घड्याळाची टिकटिक, गप् गप् गप्!
आई गप्, बाबा गप्, मी पण गप्!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.  म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. दाराबाहेर उभं राहून, बूट पायात असतानाच कधीतरी ऐकलं होतं, आणि एकदाही ऐकलंय असं दाखवलं नव्हतं. इतकी वर्षं! रोज संध्याकाळी जिना चढताना हा माणूस आपल्याच पावलांचा आवाज ऐकत वर आला होता.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"च्यायला," ते म्हणाले.

त्यांचे सगळे सूर ती ओळखत होती. हा सूर नवा होता. राग नव्हता त्यात, आणि मस्करीही नव्हती. मग डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा ठोकला. पुन्हा म्हण.

"नाही बाबा. नको."

त्यांनी जोरानं ठोकला. धप्. धप्. धप्. तिनं डोळे मिटून कविता सुरू केली, आणि 'गप्' त्यांनी म्हटलं, दर वेळी. डोळे उघडले, तर दारात नवरा उभा. केव्हापासून, कोण जाणे.  त्यानं ती कविता पहिल्यांदाच ऐकली होती, पण त्यातला एकूण एक आवाज त्याच्या ओळखीचा होता. ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, तेच घर होतं ते.

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला, "मी खरंच फार भ्यायचो हो तुम्हाला."

सासरे मुलाकडे बघत राहिले. ओठ हलले, वळले, शब्द शोधत राहिले. आला नाही. त्यांनी डावा हात पुढं केला.  नवऱ्यानं तो हात नुसता धरून ठेवला, एखादं जड हत्यार धरावं तसा.

पुढच्या रविवारी सासऱ्यांनी कपाटाकडे बोट दाखवून जुने बूट काढायला लावले. नवऱ्यानं खाली बसून त्यांच्या पायांत घातले, नाड्या बांधल्या. ते बूट कशासाठी, हे डबाताईला कळलं. "बाबा, पोरं हसतील तुम्हाला," ती म्हणाली. त्यांनी डबा ओढून मांडीवर घेतला. त्यावर बोलणं संपलं.

वाचनालयात त्या दिवशी त्यांना मागं बसवलं नाही. मध्यभागी बसवलं. डाव्या पायाचा बूट ते खुर्चीच्या पायपट्टीवर आपटायचे, धप् धप् धप्! आणि पोरं ओठांवर बोट ठेवून फिसकारायची, गप् गप् गप्! कुणी कुकर झालं, कुणी नळ. घड्याळ झालेला मुलगा मान हलवत टिकटिक करायचा आणि धप् आला की तिथंच थिजायचा. हसून हसून पोरांची पुरेवाट झाली.

कविता संपल्यावर त्या चिमुरडीनं, आजोबांना पहिल्यांदा आउट देणारीनं, खुर्चीपाशी येऊन विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच असे रागीट होता?"

डबाताई पुढं झाली, विषय बदलायला. पण सासऱ्यांनी मान हलवली. वरून खाली. हो.

"माझे बाबापण," पोरगी म्हणाली. सहज म्हणाली, जसं कुणी सांगावं की आमच्याकडे पण असाच पंखा आहे. "ते आले की आम्ही पण गप् गप् गप्."

तिचे बाबा दारात उभे होते. तिला न्यायला आलेले, हातात तिची पाण्याची बाटली. सगळ्या आईबापांच्या नजरा आधी त्यांच्याकडे गेल्या आणि मग घाईनं जमिनीकडे.  तो आत आला, पोरीचा हात धरला आणि निघून गेला.

 आपण हे काय करून बसलो? गंमत म्हणून डबा वाजवायचा, आणि त्यातून हे निघावं? घरी गेल्यावर त्या पोरीचं काय होईल? मागून धप् असा आवाज आला. सासरे बूट आपटत होते आणि हातानं दाराकडे खुणावत होते. जा. जा तिच्या मागं.

ती धावली. रस्त्यावर, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीशी ते दोघं सापडले. तो माणूस पायरीवर बसला होता, पोरगी शेजारी उभी. डबाताईला पाहताच तो उठला.

"मी मारत नाही हो तिला," तो म्हणाला. "कधी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मी कुठं काय म्हटलं?"

"फक्त आवाज मोठा आहे माझा. कामावर यंत्रं असतात, ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मला वाटायचं, घरी सगळे शांत असतात ते..." तो थांबला. "मला वाटायचं, आमचं घरच शांत आहे." तो पोरीकडे असा बघत होता, जणू ती कुठल्या अनोळखी घरातून आलीय.

डबाताईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. 

"त्या कवितेत शेवटी काय होतं?" त्यानं विचारलं. "मी आलो तोवर ती संपली होती."

"शेवट नाही तिला," ती खरं तेच म्हणाली. "सगळे गप्प होतात, तिथंच संपते."

"असा कसा शेवट?" पोरगी म्हणाली. मोठी माणसं इतकं साधं कसं विसरतात, याचाच तिला अचंबा वाटत होता. ती पायरीवर बसली, एक बूट काढला, दुसरा काढला, आणि अनवाणी फरशीवर उतरली. "बूट काढायचे ना. मग धप् होतच नाही. हे बघा. चप् चप् चप्."

आणि ती दुकानाच्या फरशीवरून चालून दाखवायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाप बघत राहिला. मग त्यानं खाली वाकून आपल्या बुटाची नाडी ओढली.